टीपासून पुढचे शब्द

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने मला "व्हेजिटेबल" म्हटलं होतं.

बदली होऊन आम्ही त्या गावात आलो त्याला जेमतेम आठवडा झाला होता. घरातली निम्मी खोकी अजून बांधलेलीच होती. यजमानांचे सहा शर्ट आणि दोन चादरी घेऊन मी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेले. काउंटरवर मालक स्वतः होते. त्यांनी कपडे मोजले, चिठ्ठी फाडली आणि गठ्ठा मागच्या टेबलाकडे सरकवला. तिथे उंच स्टुलावर एक बारीक अंगाची बाई बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, उजव्या हाताची तीन बोटं शाईने काळी.

"खूण?" तिने विचारलं.

"व्ही, जी, बी," मालक म्हणाले.

तिने मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, "व्हेजिटेबल" असं स्पष्ट म्हणाली आणि मान खाली घालून माझ्या यजमानांच्या शर्टाची कॉलर उलटी केली.

मी इंग्रजीची शिक्षिका. वर्गातली मुलं पाठीमागे काय काय म्हणत असतील ते असो, पण तोंडावर मला कुणी भाजी म्हटलं नव्हतं.

"राग मानू नका, बाई," मालक घाईघाईने म्हणाले, "वहिनींची ती पद्धतच आहे."

पद्धत अशी होती. लाँड्रीत सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन इंग्रजी अक्षरांची एक खूण दिलेली असते. ती कॉलरच्या आत, धुतली तरी न जाणाऱ्या शाईने लिहायची. कपडे धुऊन आले की खुणा बघून वेगळे करायचे. खुणेचा गिऱ्हाइकाच्या नावाशी काही संबंध नसतो, त्यामुळे कुठली खूण कुणाची हे दुसरं कुणीही असतं तर वहीत बघितलं असतं. वहिनी वही उघडत नसे. ती तीन अक्षरं ज्यात असतील असा एक मोठा इंग्रजी शब्द ती शोधायची, कुठल्याही क्रमाने चालतील, आणि तो शब्द त्या माणसाला चिकटवून टाकायची. दवाखान्यातले डॉक्टर स्टेथोस्कोप होते. पोस्टमास्तर नेबरहूड होते. शब्द जितका लांब तितका तो पक्का बसतो, असं तिचं म्हणणं. चारशे गिऱ्हाइकं तिला अशी पाठ होती.

घरी आल्यावर मी खोकी उघडायची सोडून कागद घेऊन बसले. व्ही, जी, बी. व्हेजिटेबल नऊ अक्षरांचा. संध्याकाळपर्यंत मला "फर्गिव्हेबल" सापडला, दहा अक्षरांचा, आणि अर्थही बरा, क्षमा करण्याजोगा. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी मुद्दाम वाट वाकडी करून तिला सांगितला.

तिने बोटांवर अक्षरं मोजली. "दहा. चांगला आहे," ती म्हणाली. "पण बाई, आता तुम्ही डोक्यात व्हेजिटेबल म्हणून बसलात. उठवता येणार नाही."

अशी आमची ओळख झाली. तिला सगळे वहिनीच म्हणायचे, कारण तिचा नवरा तिथेच इस्त्रीवर होता आणि तो सगळ्यांचा दादा होता. उंच, शांत माणूस. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, पण शर्टाची घडी घालताना बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसे हात चालायचे. मूलबाळ नव्हतं. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. तिचं इंग्रजी आलं होतं एका डिक्शनरीतून. कुणाच्या तरी कोटाच्या खिशात राहून ती धुलाईत गेली होती. वर्षभर कुणी मागायला आलं नाही तेव्हा मालकांनी ती वहिनीला देऊन टाकली. एपासून एसपर्यंतची पानं वाळून शाबूत निघाली. टीपासून पुढे सगळ्याचा लगदा होऊन त्याची वडी झाली होती. त्यामुळे टीपासून पुढचे शब्द तिच्याकडे दुकानांच्या पाट्यांवर आणि औषधांच्या बाटल्यांवर वाचले असतील तेवढेच. माझा व्हेजिटेबल असाच मंडईच्या पाटीवरून आला होता.

आमचं घर त्यांच्या वाटेवर होतं. शाळा सुटल्यावर मी वह्या तपासत थांबत असे, त्यामुळे सहाच्या सुमाराला आम्ही तिघं पुष्कळदा बरोबर चालायचो. तेव्हा मला त्यांचा खेळ कळला. दिवसातल्या शेवटच्या शर्टाची खूण घ्यायची. घर येईपर्यंत दोघांनी आपापला शब्द शोधायचा. ज्याचा शब्द आखूड त्याने चहा करायचा.

"आणि चहा कोण करतं?" मी पहिल्यांदा विचारलं.

"मीच," दादा म्हणाला.

"नेहमी?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

"तुम्ही चहा फार छान करता म्हणून हरता," वहिनी म्हणाली आणि त्याच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

मला त्यांचा हेवा वाटला. लपवण्यात अर्थ नाही. आमचे यजमान भले माणूस होते, पण आमच्या घरी संध्याकाळचं बोलणं म्हणजे दूध आलं का आणि मागचं दार लावलं का. दादा-वहिनींना गल्लीच्या तोंडाशी सोडून मी घरी यायची तेव्हा पाठीमागून त्यांची कुजबुज आणि मधूनच वहिनीचं हसू ऐकू यायचं. मी किल्ली कुलपात घालून उगीच थोडा वेळ उभी राहायची.

दोन वर्षांनी मालकांची पाठ धरली आणि त्यांनी काउंटरवर एक बाई ठेवली. तिशीची असेल. आधी शिवणाच्या कारखान्यात होती, कॉलेजची दोन वर्षं झालेली, बोलायला गोड. काउंटरताई म्हणू या तिला. आल्या आल्या तिने चिठ्ठ्यांची पेटी लावून घेतली, गिऱ्हाइकाला बसायला स्टूल ठेवलं. मालक खूश, गिऱ्हाइकं खूश. मलाही ती आवडली होती, पण हे मी वहिनीपाशी बोलले नाही.

कारण चारच महिन्यांनी एका बुधवारी, लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी, वहिनी माझ्या दारात उभी राहिली. हातात ती डिक्शनरी, दोऱ्याने बांधलेली.

"बाई, मला टीपासून पुढचं सगळं शिकवा."

"सगळं?"

"झेडपर्यंत."

"एवढी कसली घाई आहे?"

"घाई आहे," ती म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. पाण्याचा पेला घेतला, पण प्यायली नाही.

मी खोदून विचारलं नाही. शिकवायला लागले. एकेक शब्द पाठ करून झेडपर्यंत जाता येणार नाही, म्हणून मी तिला एक युक्ती सांगितली. या शेवटच्या अक्षरांत पुष्कळसे शब्द म्हणजे आधीच्याच शब्दांना इंजिन जोडलेलं असतं. अन लावा, अंडर लावा, ट्रान्स लावा. डबे तुमच्याकडे आहेतच. "अंडर लावलं की पाच अक्षरं फुकट," असं मी म्हणाले तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"हेच," ती म्हणाली. "हेच तिने त्यांना सांगितलं."

मग सगळं बाहेर आलं. तीन आठवड्यांपूर्वी शेवटच्या शर्टाची खूण एम, डी, आर होती. वहिनीने ग्रँडमदर काढला, अकरा अक्षरांचा, आणि निवांत चालत होती. दारापाशी आल्यावर दादा घसा खाकरून म्हणाला, "अंडरएस्टिमेट. तेरा."

"मी म्हटलं, स्पेलिंग सांगा. तर त्यांनी शाळेतल्या मुलासारखं हात मागे बांधून घडाघडा म्हटलं. बाई, आमच्या घरात यूची पानंच नाहीत! तो शब्द आमच्या घरातला नव्हताच. कुणीतरी दिलेला होता."

"त्यांनी कुठे वाचला असेल."

"तुम्ही मला खुळी समजू नका. दुसऱ्या दिवशी मी डोळे उघडे ठेवले. दुपारी हे पाणी प्यायला म्हणून उठले. माठ मागे आहे, हे गेले पुढे. काउंटरवर ही चिठ्ठीच्या पाठीवर काहीतरी लिहीत होती. यांनी ती चिठ्ठी घडी करून खिशात घातली. शर्टाच्या वरच्या खिशात. माझ्याकडे न बघता."

मी म्हणाले, "अहो, शब्दच विचारला असेल ना? एवढ्याने काय होतं?"

"एवढ्याने?" तिने पेला टेबलावर ठेवला. "यांनी तिच्याबरोबर बसून चहा प्यायला असता, सिनेमाला गेले असते, तर मी दोन दिवस भांडले असते आणि गप्प बसले असते. शब्द आमचा होता हो. दोघांचाच होता."

मी माझ्या डिक्शनरीत व्ही उघडला.

त्यानंतर दर बुधवारी ती येत राहिली. अर्धा तास शब्द आणि अर्धा तास काउंटरताई. ताईच्या केसातली पिन, ताईची नेलपॉलिश, ताईचं गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणणं. "आणि हसताना तोंडावर हात ठेवते. जसे काही दात हिलाच आलेत." दादा त्या दोन महिन्यांत पाच वेळा जिंकला होता. पाच वेळा वहिनीने चहा केला. तिला तो करायची सवय राहिली नव्हती. एकदा दूध नासलं तर एकदा साखर विसरली. दादा मुकाट्याने प्यायला. तो मुकाट्याने प्यायला याचाही तिला राग आला.

"वाईट झालाय असं म्हणायला काय जात होतं? मन दुसरीकडे असलं की माणसाला चव कळत नाही."

मी एकदा धीर करून म्हणाले, "सरळ विचारा ना त्यांना."

"आणि ते हो म्हणाले तर?"

तिला भीती होती ती त्या ‘हो’ची. त्या माणसावर तिचा जीव होता, आणि तो आपल्याला कंटाळला असेल या एका शंकेवर तिची झोप उडाली होती. डोळ्यांखाली वर्तुळं आली. कपड्यांवर हात चालत होता, पण कान पुढे काउंटरकडे लागलेले असायचे.

आणि मग ते घडलं. गावातले एक वकील लाँड्रीचे जुने गिऱ्हाईक. अंगाने चांगले भरलेले, रागीट, एका कफाला सुरकुती दिसली तर दुकान डोक्यावर घेणारे. त्यांची खूण एच, एम, पी. वहिनीने त्यांना काय शब्द दिला होता हे त्या दोघा नवराबायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. गुरुवारी त्यांनी पाच नवे पांढरे शर्ट पहिल्यांदाच धुवायला टाकले. वहिनी खुणा घालत असताना पुढून दादाचा आवाज आला आणि पाठोपाठ ताईचं ते तोंडावर हात ठेवून हसणं. वहिनीचे डोळे टेबलावर आणि मन काउंटरवर. हात आपला आपण लिहीत गेला.

शनिवारी दुपारी मी कपडे आणायला गेले. काउंटरवर कुणी नव्हतं. मालक आणि वहिनी दवाखान्याच्या चादरी आणायला गेलेले. मागच्या पडद्याआडून दोघांचं बोलणं येत होतं. मी हाक मारली तर दादाने पडदा जरासा बाजूला करून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, तुम्हीच आहात ना? आत या. पडदा लावा."

इस्त्रीच्या टेबलावर वकिलांचे पाच शर्ट उलट्या कॉलरने ओळीत मांडले होते. तीन अक्षरांच्या खुणेऐवजी प्रत्येक कॉलरच्या आत, वहिनीच्या सुरेख वळणदार अक्षरात, या टोकापासून त्या टोकापर्यंत बाराच्या बारा अक्षरं होती. हिप्पोपोटॅमस.

मला हसू आवरेना. दादा हात जोडून म्हणाला, "हसू नका हो. सहाला येणार आहेत ते. ही शाई माणूस मेला तरी जात नाही. मालकांना कळलं तर तिला घरी बसवतील."

काउंटरताई हसत नव्हती. तोंडात दोरा धरून कॉलरची आतली पट्टी ब्लेडच्या टोकाने उसवत होती. बाजूला एका जुन्या उशीच्या अभ्र्याच्या पट्ट्या कापलेल्या. "तीन झाले," ती दोरा न सोडता म्हणाली. "दोन राहिलेत. दादा, उजेड अडवू नका, इकडून धरा."

दादा तिच्या बाजूला वाकून कॉलर ताणून धरून उभा राहिला. नेमका तेव्हाच पडदा सरकला.

वहिनीच्या दोन्ही हातांत चादरींचा गठ्ठा होता. तो तिने खाली टाकला.

"वा," ती म्हणाली. "आता शब्द पुरेनात का? शिवणही दोघांनी मिळून?"

"अगं, हळू बोल, मालक..."

"मालक बाहेर गाडीवाल्याशी बोलताहेत. ऐकू दे त्यांनाही. आणि बाई, तुम्हीसुद्धा? तुम्हीही यांच्यातल्याच?"

दादाने चौथा शर्ट उचलून तिच्यासमोर धरला. तिने वाचलं. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं. मग स्टुलावर बसली ती एकदम बसलीच.

"माझं अक्षर आहे," ती म्हणाली.

"पाचही," दादा म्हणाला. "मला इस्त्रीला घेतल्यावर दिसलं. मला सुईत दोराही ओवता येत नाही. हिला येतं, म्हणून हिला बोलावलं. तू यायच्या आत उरकायचं होतं."

"आणि त्या चिठ्ठ्या? दोन महिने खिशात जाताहेत त्या?"

दादाने वरच्या खिशातून चिठ्ठ्यांचा जाडसर गठ्ठा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. मी वाकून पाहिलं. चिठ्ठीच्या पाठीवर इंग्रजी शब्द, शेजारी अक्षरांचा आकडा, आणि दादाने पेन्सिलीने केलेल्या पाठांतराच्या रेघा. दुसरं काहीही नव्हतं.

"अठरा वर्षं चहा करतोय मी," तो म्हणाला. "मला वाटलं, एकदा तरी तुला हरवावं. एकदा जिंकलो तर गोडी लागली."

"वहिनी, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे," ताई म्हणाली. "मला वाटलं तुम्ही दोघं मिळून कोडी सोडवता."

"तुला कोण विचारतंय?" वहिनी म्हणाली, पण आवाज अर्ध्यावर आला होता. मग नवऱ्याकडे वळून, "मला हरवायला हीच सापडली तुम्हाला? आपल्या दोघांतलं उचलून बाहेर दिलंत?"

"आणि तू दर बुधवारी बाईंकडे जातेस ते? मी विचारलं का कधी?"

"त्या बाई आहेत!"

"मग ही काय बुवा आहे?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. ताईने यावेळी तोंडावर हात ठेवला नाही, मोठ्याने हसली. वहिनी हसली नाही. तिने चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या, घडी घातली आणि आपल्या पिशवीत टाकल्या. मग ताईच्या हातातून सुई काढून घेतली.

"टाके मोठे घालतेस," ती म्हणाली. "सर बाजूला."

चौथा आणि पाचवा शर्ट तिने स्वतः शिवला. सहाला पाच मिनिटं असताना वकील आले, शर्ट घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाले, कॉलर हल्ली चांगली ताठ बसते, बाकीच्या शर्टांचीही अशीच करून द्या.

त्या शनिवारी आम्ही तिघं बरोबरच निघालो. शेवटच्या शर्टाची खूण होती व्ही, एल, पी. बेकरीपर्यंत आल्यावर दादा म्हणाला, "डेव्हलपमेंट. अकरा. हा माझा आहे, आईशप्पथ, चिठ्ठीतला नाही."

वहिनीने त्याला पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत तसंच खुशीत चालू दिलं.

"अंडरडेव्हलपमेंट," ती म्हणाली. "सोळा."

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी शब्द सांगितलेला नव्हता, फक्त इंजिन सांगितलं होतं.

"साखर किती घालू?" दादाने विचारलं.

"रोजच्याइतकी. आणि पुन्हा तिच्याकडे चिठ्ठी मागितलीत तर चहा मी करीन. मग प्या."

त्याने पुन्हा मागितली नाही. वहिनीचं बुधवारी येणंही हळूहळू थांबलं. मला त्याचं जरा वाईट वाटलं. मलाही एक बुधवार होता, तो गेला.

वहिनी आणि ताई यांची मैत्री झाली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती झाली नाही. ताईने पाच शर्ट आणि एक नोकरी वाचवली, हे वहिनीला कळत होतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त सलत होतं. दोघी सहा वर्षं एका छताखाली होत्या. लाँड्रीतल्या माणसांच्या कपड्यांनाही खुणा असायच्या, पण मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना शब्द दिला तरी वहिनीने ताईला एकही दिला नाही. तिची खूण मात्र वहीत न बघता ओळखायची. ताई स्वतःचं शिवणाचं दुकान काढून निघाली, तेव्हा जाताना तिने विचारलं, "वहिनी, माझा शब्द सांगा ना."

"बघते," वहिनी म्हणाली.

गेल्या वर्षी मी तिला पुन्हा विचारलं. म्हटलं, आता तरी सापडला का?

"कधीच सापडलाय," ती म्हणाली. "चौदा अक्षरांचा आहे. सगळ्यांत लांब तिचाच." मग माझ्याकडे चष्म्यावरून पाहत, "तिला सांगायला जाऊ नका हं."

आता तिला एकाहत्तरावं चालू आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. सोमवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी नऊ ते एक, ती अजून त्याच लाँड्रीत खुणा घालायला जाते.